खिळे मोजणाऱ्या मावशी

मावशींनी आमच्या खोलीत पाऊल टाकलं ते भिंतींकडे बघतच. शैलाने पाण्याचा तांब्या पुढे केला, मी खुर्ची सरकवली, पण त्यांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. मान वर करून त्या दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून मोरीपर्यंत सावकाश फिरल्या. ओठ हलत होते. बाई एखादं स्तोत्र पुटपुटतायत, असं मला वाटलं. मग त्या खुर्चीत टेकल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सतरा."

"काय सतरा?"

"खिळे. माणसं दोन, राहून झाले नऊ-दहा महिने, आणि भिंतीला सतरा खिळे. एवढं काय काय टांगता हो?"

मला राग आला. जिने जागा मिळवून द्यायची तीच बाई आल्या आल्या आमची झडती घेत होती. पण राग गिळण्यावाचून इलाज नव्हता. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, राग तरी कुठला परवडणार?

त्यांचं नाव सुमतीबाई. पण त्या नावाने त्यांना ठाण्यात कुणी ओळखत नसे. भाड्याने जागा शोधणारी माणसं त्यांना समोर मावशी म्हणत आणि पाठीमागे खिळेमावशी. पंचावन्नच्या आसपासचं वय, फिकट रंगाचं पाचवारी पातळ, आणि पातळाखाली पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. कोपरी ते नौपाडा आणि नौपाडा ते पार खाडीपर्यंत त्या पायी फिरत. खांद्याला एक कापडी पिशवी, तिच्यात रिकाम्या जागांच्या किल्ल्या. एकाही किल्लीवर नाव नाही की नंबर नाही. नुसते रंगीत दोरे बांधलेले. कुठला दोरा कुठल्या दाराचा, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नसे.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. फोनसाठी नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं थांबायची तेव्हाची. भाड्याची जागा हवी असेल तर पानवाल्याला, इस्त्रीवाल्याला, दूधवाल्याला सांगून ठेवायचं आणि वाट बघायची. आणि जागा मिळायची ती अकरा महिन्यांच्या कराराने. बारावा महिना लागला की भाडेकरू हक्क सांगेल, मग कोर्टकचेरीत आपली हयात जाईल, ही प्रत्येक मालकाच्या पोटातली भीती. त्यामुळे मालक लोक जावई निवडावा तसा भाडेकरू निवडत, आणि निवडून झाल्यावरही दिवस मोजत.

मावशी म्हणायच्या, "आधी माणूस, मग जागा." म्हणून त्या नवी जागा दाखवायच्या आधी तुमची आहे ती जागा बघून जायच्या. खिळ्यांवरून त्यांना सगळं कळायचं म्हणे. "दोन-चार खिळे असले की माणूस हलतो. दहाच्या वर गेले की भिंतीशी नातं जुळतं, मग करार संपला तरी पाय निघत नाही. मी मालकाला शब्द देते. मला बघून द्यावा लागतो." त्या दिवशी जाता जाता त्यांनी मला सतराही खिळे काढून भोकं बुजवायला सांगितली. "टूथपेस्ट भरा. पांढरी. हिरवी नको." मी मुकाट्याने भरली.

आता आमची अडचण सांगतो. नौपाड्यातले आमचे मालक सज्जन होते, पण त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. करार दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी संपत होता. आणि शैलाची तारीख होती त्याच्या पुढे तीन आठवड्यांनी. पहिलं बाळंतपण माहेरी, ही जगाची रीत. पण शैलाला आई नव्हती. वडील भावाकडे, आणि भावाकडे एका खोलीत सहा माणसं. माझे आईवडील कोकणात, एसटीचा दहा तासांचा रस्ता. शैलाचा रक्तदाब वाढला होता, त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी लांबच्या प्रवासाचं नावही काढू नका म्हणून बजावलं होतं. म्हणजे बाळ ठाण्याच्या आसपासच जन्माला येणार, हे नक्की. कुठल्या छपराखाली येणार, ते मात्र माहीत नव्हतं.

मी मुळातच घाबरट माणूस. गॅस बंद केलाय ना, हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणारा. करार संपेपर्यंतच्या त्या सहा आठवड्यांत माझ्या घशाशी सतत आंबट पाणी यायचं. ऑफिसात फाईल उघडली की कॅलेंडरच दिसायचं. शैला मात्र शांतपणे बाळाची लंगोटं शिवत बसायची आणि मी तिच्यावर चिडायचो, की ही अशी शांत बसूच कशी शकते.

जागा नव्हत्या असं नाही. पण शैलाकडे बघितलं की मालकांचे चेहरे बदलायचे. ओली बाळंतीण घरातून काढता येत नाही, तान्हं मूल रस्त्यावर ठेवता येत नाही, तेव्हा असला भाडेकरू घेणं म्हणजे जागेवर पाणी सोडणं, हा सरळ हिशेब. पलीकडच्या गल्लीतल्या एका मालकीणबाईंनी तर कमालच केली. शैलाला पाटावर बसवलं, खण-नारळ-तांदळांनी तिची ओटी भरली, "मुलगाच होईल बघ" म्हणाल्या, आणि जागा द्यायला नाही म्हणाल्या. मी बाहेर येऊन हसलो. हसू रडण्याच्या जवळचं होतं.

मावशी मात्र ढिम्म. कुठल्याही जागेत शिरल्या की त्या आधी नळ उघडत. "मालक म्हणेल चोवीस तास पाणी. नळाला विचारा." आणि त्या चुकूनसुद्धा घर म्हणत नसत. शैला एकदा म्हणाली, "मावशी, हे घर छान आहे हो." त्यावर मावशी लगेच म्हणाल्या, "घर मालकाचं. आपल्याला मिळते ती जागा. एवढं लक्षात ठेवलं की निघताना रडू येत नाही."

दिवाळी झाली. दहा दिवस उरले. त्या मला डोंबिवलीत एका निवृत्त शिक्षकांकडे घेऊन गेल्या. शैला घरीच होती. दोन खोल्या, पाणी दोन वेळा, समोर औदुंबर. मला जागा इतकी आवडली की मनातल्या मनात मी तिथे सामान लावूनही टाकलं. गुरुजींनी विचारलं, "घरात कोण कोण?" मी म्हटलं, "मी आणि मंडळी." "मूलबाळ?" मी सांगितलं की दिवस गेलेत, पण बाळंतपण माहेरी होईल, पुढे चार-सहा महिने ती तिकडेच राहील. आयुष्यात मी इतक्या सफाईने खोटं कधी बोललो नव्हतो. गुरुजी खुश झाले. चांगला दिवस बघायला त्यांनी पंचांगसुद्धा काढलं.

तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "गुरुजी, यांच्या बायकोला आई नाही. माहेर असून नसल्यासारखं. बाळंतीण इथेच येईल. आता बोला."

गुरुजींनी पंचांग मिटलं.

स्टेशनच्या जिन्यावर माझा संयम सुटला. लोक वळून बघत होते, पण मला भान नव्हतं. "मावशी, तुम्ही माझ्या तोंडचा घास काढलात. दहा दिवसांनी मी बायकोला कुठे नेऊ, फलाटावर? तुमचं काय जातं? तुमच्या डोक्यावर छप्पर आहे."

मावशी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. म्हणाल्या, "खोट्यावर घेतलेली जागा झोप लागू देत नाही हो. तुम्हाला तर नाहीच नाही. चार दिवस थांबा." आणि जिन्याखालच्या भाजीवालीकडे कोथिंबिरीचा भाव विचारायला गेल्या.

चौथ्या दिवशी त्या आल्या आणि म्हणाल्या, "चला. कोपरीत एक जागा रिकामी झालीय."

कोपरीतल्या एका जुन्या कुटुंबाच्या पाच खोल्यांच्या चाळीतली ती शेवटची खोली. त्यांचे वाडवडील मिठागरावर काम करायचे. आता जमिनीवर खोल्या उठवून घरातले कर्ते दादा त्या भाड्याने देत होते. ओट्यावर सुकट वाळत होती. खोली झाडून-पुसून लख्ख, भिंतीला एकही खिळा नाही, नळाला पाणी. दाराशी डालड्याच्या डब्यात एक तुळस. आधीच्या भाडेकरूची राहिली असेल, असं मी धरून चाललो.

दादा दारात उभे राहून म्हणाले, "पोटुशी बाय आमी ठेवत नाय, खोटं कनाला बोलू? मागं एकाला ठेवलेला. तवा पोराचं बारसं केलं, आता पोर शालंत जातंय, खोली काय खाली केली नाय. पन बाईंचा शब्द हाय. अकरा म्हयने. वर एक दिवस नाय."

मी मान हलवली. त्या क्षणी त्यांनी तीन महिने म्हटलं असतं तरी हलवली असती.

मुलगी झाली. शैला सुखरूप सुटली. दहाव्या दिवशी कोपरीच्या खोलीत बाळंतिणीची शेगडी पेटली, ओव्याचा धूर झाला, आणि कित्येक आठवड्यांनी माझ्या घशातलं आंबट पाणी थांबलं. बारशाला पाळणा टांगायचा म्हणून मी आढ्याला कडी ठोकायला निघालो. मावशींनी माझ्या हातातला हातोडा काढून घेतला आणि तासाभरात कुणाकडून तरी पायांचा लाकडी पाळणा हातगाडीवर घालून आणला. "बाळाला काय, झोका मिळाल्याशी कारण." त्या पंधरा-वीस दिवसांतून एकदा यायच्या. आल्या की आधी दारातल्या तुळशीला पाणी घालायच्या, मग भिंती बघायच्या, मग बाळ.

आठ महिने बरे गेले. नवव्याला मला पुन्हा कॅलेंडर दिसायला लागलं. आता तर मूल होतं, औषधं होती, दुपटी होती, आणि पुन्हा तेच दारोदार फिरणं. ऑफिसात एक वकिली डोक्याचा सहकारी होता. तो म्हणाला, "अरे वेड्या, रेशनकार्डावर तिथला पत्ता घाल, भिंतीला चार खिळे ठोक आणि बस. तान्ह्या पोरीसकट तुला कोण काढतोय?" ते मला पटलं. पटलं म्हणजे काय, दुसरं काही करायची हिंमतच उरली नव्हती. एका रविवारी सकाळी मी भिंतीला एक खिळा ठोकला आणि त्यावर घड्याळ लावलं.

शैला मुलीला पाजत होती. तिने घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, "काढा ते."

"मग ठेवू कुठे?"

"ट्रंकेवर. मावशींनी शब्द दिलाय."

"त्यांनी दिलाय. आपण कुठे दिलाय?"

"आपल्यासाठीच दिलाय ना?"

आमचं लग्न होऊन अडीच वर्षं झाली होती, पण ती मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळली असं वाटतं. मी खिळा उपटला आणि भोकात टूथपेस्ट भरली. मन मात्र भरलं नाही. करार संपायला पंधरा दिवस उरले तरी मावशींचा पत्ता नव्हता. ही बाई आपल्याला विसरली, आता मुलीला घेऊन कुठे जायचं, या विचाराने मी ऑफिसात दोनदा चुकीच्या कागदावर सही केली.

मग एका संध्याकाळी त्या आल्या. मुलीच्या हातात खुळखुळा दिला आणि म्हणाल्या, "डोंबिवलीचे गुरुजी आठवतात? त्यांची जागा रिकामी होतेय. तान्हं मूल आहे, हे मी आधीच सांगितलंय." पुढे गुरुजी मला म्हणाले, "तुमच्या तोंडावर तुमचं खोटं उघडं पाडणारी दलाल मी एकच बघितली. तिने शब्द दिल्यावर मी कशाला विचार करू?"

अकराव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी टेम्पोत सामान भरलं आणि मी किल्ली द्यायला दादांकडे गेलो. दादांनी खोलीत जाऊन भिंती बघितल्या. टूथपेस्ट त्यांना दिसली असावी, पण बोलले नाहीत. म्हणाले, "बाईनी सांगितलेलं तसंच केलंत. बरं जालं. आता बाईना सांगा, खोली खाली हाय, परत या."

"परत म्हणजे?"

"आता? तुमाला म्हाईत नाय? ही बाईंचीच खोली. तुमी यायच्या आदी त्याच राहात व्हत्या. सात म्हयने बाकी व्हते त्यांचे. मना बोलल्या, दादा, माजं सामान एक ट्रंक न् एक स्टो. मी कुठंपन जाईन. ती पोटुशी बाय कुठं जाल?"

मी तिथेच ओट्यावर बसलो. माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं, डोंबिवलीच्या जिन्यावरचं. तुमचं काय जातं, तुमच्या डोक्यावर छप्पर आहे. शैला टेम्पोपाशी उभी होती. मी तिला सांगितलं. ती परत गेली आणि दारातला तुळशीचा डबा उचलून घेऊन आली.

मावशी तेव्हा कल्याणच्या पुढे शहाडला भाचीकडे राहत होत्या, हे दादांकडून कळलं. पुढच्याच रविवारी मी तुळस आणि दादांचा निरोप घेऊन तिकडे गेलो. भाचीच्या दोन खोल्यांत पाच माणसं. मावशींचा बिछाना स्वयंपाकघरात, ओट्याच्या खाली गुंडाळून ठेवलेला. उशाशी ट्रंक आणि ट्रंकेवर भिंतीला टेकवून ठेवलेला यजमानांचा फोटो. शहाडहून त्या वर्षभर रोज ठाण्यापर्यंत येत होत्या, आमच्यासारख्यांना जागा दाखवायला.

मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मी जे बोललो..."

"खरंच बोललात की. त्या दिवशी होतंच छप्पर."

मी रडलो. लाज वाटली नाही. मावशींनी मला रडू दिलं, मग म्हणाल्या, "पुरे. कोपरीची खोली आता दुसऱ्या कुणाला तरी लागेल. डोंबिवलीचा नळ बघितलात का? सकाळी किती वाजता येतो?" आणि तुळस दारात कुठे ठेवायची हे ठरवायला उठल्या.

नव्वदीच्या मध्याला आम्ही डोंबिवलीतच स्वतःचा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला मावशी आल्या. थकल्या होत्या, पण पायात बूट तेच. दारातून आत आल्या आणि सवयीने मान वर करून फिरल्या. भिंतीला एकही खिळा नव्हता. आठ-दहा वर्षांत खिळा ठोकायची सवयच गेली होती आमची. घड्याळ अजून ट्रंकेवर होतं.

"हे काय?" त्या म्हणाल्या. "घर आहे ना हे तुमचं?"

शैलाने माझ्याकडे बघितलं. मावशींच्या तोंडून तो शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता. त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. पुडीत खिळे होते, चांगले अडीच इंची. मी हातोडा आणून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, पहिला तुम्हीच ठोका. त्यांनी खिळा भिंतीवर धरला. "मला येत नाही हो. ठोकणारे हे होते. ते गेल्यावर कधी ठोकलाच नाही." तरी त्यांनी ठोकला. दोन घाव बोटावर बसले, तिसऱ्याला खिळा वाकडा होऊन आत गेला. मी सरळ करायला पुढे झालो, तर शैलाने माझा हात धरला.

त्यानंतर तीनेक वर्षांनी त्या गेल्या. आम्हाला कळलं ते दहावं झाल्यावर. भाचीने सांगितलं, दवाखान्यात दाखल व्हायच्या आधी मावशींनी रिक्षा करून ठाण्यात फेरी मारली आणि पिशवीतल्या सगळ्या किल्ल्या ज्याच्या त्याला परत दिल्या. कॅनव्हासचे बूट भाचीच्या दाराशीच होते.

कोपरीच्या पाळण्यातली आमची मुलगी आता नोकरीसाठी पुण्यात खोली शोधते आहे. तिला ना पानवाल्याला विचारावं लागतं, ना इस्त्रीवाल्याला. सोफ्यावर बसून मोबाईलवर बोट फिरवते, आणि भिंती, खिडक्या, मोऱ्या सरसर सरकत जातात. दलाल नाही, मालक दिसत नाही, कुणी कुणाला शब्द देत नाही. महिनाअखेर जवळ येतेय, दोन जागा हातच्या गेल्यात, आणि ती वरवर शांत आहे. आईवर गेली आहे. माझ्या घशाशी मात्र पुन्हा आंबट पाणी यायला लागलं आहे.

काल तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. "बाबा, ही बघा. कशी आहे?" मी चष्मा लावला आणि भिंती बघायला लागलो.

"बाबा, ओठ कसले हलवताय?"

मी म्हटलं, "आधी जाऊन नळ उघडून बघ. आणि तुझ्याबद्दल जे काही असेल ते त्यांना खरं सांग."

ती हसली आणि पर्स घ्यायला उठली. तिची पर्स त्या वाकड्या खिळ्यालाच अडकवलेली असते. जरासा धक्का लागला तर पडेल असं वाटतं, पण इतक्या वर्षांत एकदाही पडलेली नाही.